विश्लेषण : पहिल्या पावसात घराची वीज वारंवार ‘ट्रिप’ का होते? किनाऱ्यावर कंड्युटचे जोड निवडताना काय पाहावे?

जूनमधला पहिला जोराचा पाऊस. अलिबाग, नागाव, रेवदंडा, मुरूड किंवा श्रीवर्धनमधले एखादे घर. रात्री अचानक वीज जाते, पण शेजारच्या घरात दिवे चालू असतात. बोर्डावरचा एक खटका खाली पडलेला दिसतो. वर केला की पुन्हा पडतो. सकाळी वायरमन येतो, ‘आरसीसीबी खराब झाली’ असे सांगतो, ती बाजूला काढून वायर थेट जोडतो आणि वीज परत येते. घरात पाहुणे उतरलेले असतील तर होमस्टेचा मालकही जास्त चौकशी करत नाही.

बऱ्याच वेळा त्या आरसीसीबीत काहीच बिघाड नसतो. पाणी शिरलेले असते ते कंपाउंडच्या भिंतीवरच्या एखाद्या बॉक्समध्ये, पंपाजवळच्या एल्बोत किंवा बागेतल्या दिव्याच्या तळाशी. खटक्याने फक्त तक्रार केलेली असते. तो काढून टाकल्यावर तक्रार बंद होते, गळती तशीच राहते. आणि तिथून पुढे त्या दिव्याच्या खांबाला ओल्या हाताने कोण टेकते, एवढाच प्रश्न उरतो.

मीटरच्या पुढची जबाबदारी कोणाची?

३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर धडकले, तेव्हा वाऱ्याचा वेग ताशी ११० ते १२० किलोमीटर होता. विजेचे खांब आडवे झाले. श्रीवर्धन, म्हसळा, मुरूड या तालुक्यांतील अनेक गावांना कित्येक दिवस अंधारात काढावे लागले. चक्रीवादळाचा धोका कमी करण्यासाठीच्या राष्ट्रीय प्रकल्पातून अलिबाग शहरात भूमिगत वीजवाहिन्यांचे काम हाती घेण्यात आले. खांब, तारा, वाहिन्या यांची चर्चा त्यामुळे बरीच झाली.

पण महावितरणचे काम मीटरपाशी संपते. तिथून पुढे गच्चीवर, कंपाउंडला, विहिरीवर, वाडीत, पार्किंगमध्ये गेलेली प्रत्येक वायर घरमालकाची असते. पर्यटन वाढले तसे हे बाहेरचे वायरिंगही वाढले. पूर्वी अंगणात एक दिवा आणि विहिरीवर एक पंप असे. आता लॉनमधले दिवे, तरणतलाव, सीसीटीव्ही, गेटची मोटर, गाडी चार्ज करायचा सॉकेट आहे. साहित्य मात्र बहुतेक ठिकाणी घराच्या आत वापरतात तेच. दुकानात ‘कंड्युट द्या’ म्हटले की स्लॅबमध्ये टाकायचा पाइप आणि त्याचेच जोड हातात पडतात.

खटका नेमका कशामुळे पडतो?

आरसीसीबी एकच गोष्ट पाहते. फेजमधून जितका प्रवाह गेला तितकाच न्यूट्रलमधून परत आला का? कमी आला, तर मधला प्रवाह कुठून तरी जमिनीत जातो आहे असे ती धरते. माणसांच्या संरक्षणासाठी लावायची आरसीसीबी ३० मिलिअँपिअरची असते. प्रमाणानुसार ती ३० मिलिअँपिअरला पडलीच पाहिजे आणि १५ च्या आत पडता कामा नये.

गोंधळ होतो तो इथेच. चार बॉक्सांत थोडा थोडा ओलावा गेला आणि प्रत्येकातून पाच-सहा मिलिअँपिअर गळू लागले, तर एकही बॉक्स वेगळा तपासताना ‘दोषी’ ठरत नाही. बेरीज मात्र वीसच्या पुढे जाते आणि खटका पडतो. दोन तास ऊन पडले की ओलावा कमी होतो आणि सगळे सुरळीत. वायरमन दुपारी येतो तेव्हा त्याला काहीच सापडत नाही.

‘बाहेरच्या दिव्यांची एमसीबी बंद केली, तरी आरसीसीबी पडते’ ही तक्रारही नेहमीची. त्यात गूढ काही नाही. एकेरी एमसीबी फक्त फेज तोडते. न्यूट्रल बाहेरच्या ओल्या बॉक्सपर्यंत जोडलेलीच राहते आणि घरातल्या इतर वापराचा काही प्रवाह त्या न्यूट्रलमधून जमिनीत जातो. बाहेरच्या सर्किटला फेज आणि न्यूट्रल दोन्ही तोडणारा दुहेरी खटका असेल, तर दोष कुठल्या बाजूला आहे ते मिनिटभरात कळते.

आणि नुसती एमसीबी पुरेशी का नाही? १६ अँपिअरच्या एमसीबीला ओव्हरलोड आणि शॉर्ट सर्किट कळते. माणसाच्या अंगातून जाणारा १०० मिलिअँपिअरचा प्रवाह तिच्या खिजगणतीतही नसतो, पण तेवढा प्रवाह जिवावर बेतू शकतो.

किनाऱ्यावरचे पाणी वेगळे का?

याचे उत्तर कोकणातल्या प्रत्येक स्वयंपाकघरात आहे. पावसाळा लागला की खड्या मिठाच्या बरणीला पाणी सुटते. बरणीत कोणी पाणी ओतलेले नसते, मीठच ते हवेतून ओढते. शुद्ध मीठ साधारण ७५ टक्के आर्द्रतेच्या वर विरघळू लागते. समुद्राच्या मिठात मॅग्नेशियम क्लोराइडही असते, त्याला ३३ टक्क्यांच्या आसपासची आर्द्रताही पुरते.

हेच मीठ खाऱ्या वाऱ्याबरोबर येऊन जंक्शन बॉक्सच्या झाकणावर, वायरीच्या टोकांवर, सॉकेटच्या पिनांवर बसते. पावसाळ्यात किनाऱ्यावरची हवा ७५ टक्क्यांच्या खाली क्वचितच येते. म्हणजे बॉक्समध्ये पावसाचा थेंबही गेला नाही, तरी आत खारट पाण्याचा पातळ थर तयार होऊ शकतो. पावसाचे स्वच्छ पाणी विजेचे तसे बेताचेच वाहक आहे. समुद्राचे पाणी त्याच्या हजार पटींहून चांगले वाहक. दोन टर्मिनलांमधल्या प्लास्टिकवर असा थर बसला की त्यावरून आधी प्रवाह झिरपतो, मग ठिणग्यांची काळी रेघ उमटते आणि ती रेघ स्वतःच वाहक होते.

यातली एक बाब अनेकांना उलटी वाटेल. छपराच्या पागोळीखाली, पावसापासून लपवून लावलेला बॉक्स उघड्यावरच्या बॉक्सपेक्षा जास्त गंजतो. उघड्या भिंतीवरचे मीठ दर पावसात धुऊन जाते. पागोळीखालचे वर्षानुवर्षे साचत राहते.

गंजाचा हिशेबही करता येतो. हवा किती गंजवणारी आहे यानुसार ‘आयएसओ ९२२३’ या मानकात सी१ ते सी५ आणि त्यावर सीएक्स असे वर्ग आहेत. उष्ण किनारपट्टी साधारण सी५ मध्ये धरतात. या वर्गात जस्ताचा थर पहिल्या वर्षी ४.२ ते ८.४ मायक्रॉन झिजतो. दुकानात मिळणाऱ्या चकचकीत मुलामा दिलेल्या स्क्रूवर जस्ताचा थर पाच ते दहा मायक्रॉनचा असतो. म्हणजे एक-दोन पावसाळे. त्यानंतर उघडे पडते ते साधे लोखंड. बॉक्स कितीही महागडा असला, तरी चार कोपऱ्यांतले स्क्रू गंजून झाकण सैल झाले की त्याच्या रबरी गॅस्केटचा काही उपयोग राहत नाही.

मग ‘आयपी ६५’ लिहिलेला बॉक्स घेतला तर?

घ्यावाच, पण त्या आकड्याचा अर्थ समजून. पहिला अंक धूळ आणि घन वस्तूंपासूनचे संरक्षण सांगतो, तो शून्य ते सहा असतो. दुसरा अंक पाण्याचा. ४ म्हणजे कोणत्याही बाजूने उडणारे शिंतोडे. ५ म्हणजे ६.३ मिलिमीटरच्या तोटीतून मिनिटाला साडेबारा लिटरची धार. ६ म्हणजे साडेबारा मिलिमीटरच्या तोटीतून मिनिटाला १०० लिटर. ७ म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास.

ही चाचणी गोड्या पाण्याने, नव्या कोऱ्या बॉक्सवर, काही मिनिटांपुरती होते. मीठ, ऊन, दहा वर्षांचा काळ यांबद्दल तो आकडा अवाक्षर काढत नाही. आकडा बॉक्सचा असतो, त्याला पाडलेल्या भोकाचा नसतो. आयपी ६५ च्या बॉक्सला बाजूने ड्रिलने भोक पाडून साधा कंड्युट आत खुपसला आणि सभोवती एम-सील थापले, की आयपी ६५ फक्त लेबलवर उरते.

रायगडच्या किनाऱ्याला पश्चिमेकडे समुद्र आहे आणि नैऋत्य मोसमी वारा त्याच बाजूने येतो. जून ते ऑगस्टमध्ये पाऊस भिंतीवर आडवा मारतो, भिंतीवर आपटून खालून वरही उडतो. त्यामुळे घराच्या बाहेरचा डीबी, चेंजओव्हर, चार्जिंग सॉकेट शक्यतो पूर्वेच्या भिंतीवर घ्यावे. पश्चिमेला लावायची वेळ आलीच तर पाण्याचा अंक ५ किंवा ६ असावा. पागोळीखाली, आडोशाला ४ चालतो. तलावाच्या कडेला किंवा पाणी साचणाऱ्या जागी ७ च्या खाली विचारच करू नये.

जांभ्या चिऱ्याच्या, गिलावा नसलेल्या भिंती ही दक्षिण रायगडातली वेगळी अडचण. भिंत खडबडीत असल्याने बॉक्स तिच्यावर सपाट बसत नाही. पाणी चिऱ्यावरून ओघळत बॉक्सच्या मागे जाते आणि मागच्या स्क्रूच्या भोकांतून आत येते. त्यावर उपाय म्हणजे आधी भिंतीवर सपाट गिलाव्याचा चौकोन किंवा जाड प्लास्टिकची पाटी बसवायची, त्यावर बॉक्स. सीलंट वरच्या आणि दोन्ही बाजूंच्या कडांना लावायचे, खालची कड मोकळी सोडायची. मागे गेलेले पाणी तिथून खाली गळून जाते.

सीलंटची निवडही जपून करावी. लावताना व्हिनेगरसारखा आंबट वास येणारे स्वस्त सिलिकॉन वाळताना असेटिक अॅसिड सोडते. बंद बॉक्समध्ये ते तांब्याला आणि जस्ताला खाते. दुकानात ‘न्यूट्रल’ सिलिकॉन मागावे.

पाइप टिकतो, जोड दगा देतो

पाइपाच्या मधोमध गळती होत नाही. ती होते कपलर, एल्बो, टी आणि बॉक्सच्या तोंडाशी. म्हणून बाहेरच्या कामात पैसे वाचवायचे असतील तर जोडांची संख्या कमी करावी, जोडांचा दर्जा नव्हे. वळणावर एल्बो लावला की दोन नवे जोड तयार होतात. तोच पाइप आत स्प्रिंग घालून हाताने वाकवला, तर एकही होत नाही. वायर ओढतानाही ती एल्बोच्या कोपऱ्यात खरचटत नाही.

झाकण असलेले तपासणीचे बेंड आणि टी घरात सोयीचे असतात. बाहेर ते लावू नयेत. त्यांचे झाकण नुसते दाबून बसवलेले असते, त्याला गॅस्केट नसते. जिथे वायरी काढण्या-घालण्याची सोय हवी, तिथे गॅस्केट असलेला गोल किंवा चौकोनी बॉक्सच घ्यावा.

कंड्युट आणि त्याचे जोड एकाच प्रकारचे, शक्यतो एकाच कंपनीचे असावेत. पाइप २० किंवा २५ मिलिमीटरचा असला आणि कपलर दुसऱ्या कंपनीचा असला, तर बसतो खरा, पण किंचित सैल. त्यात सोल्युशनही लावले जात नाही, कारण ‘नंतर काढायला सोपे’. अशा कोरड्या जोडातून पाइप दोन-तीन उन्हाळ्यांत बाहेर सरकतो. पीव्हीसी तापमानाने बऱ्यापैकी वाढते-आकसते. तीन मीटरच्या पाइपाची लांबी ३० अंशांच्या फरकाने सुमारे सहा मिलिमीटरने बदलते, आणि मे महिन्यातल्या दुपारी उन्हातल्या भिंतीवरच्या पाइपाला एवढा फरक सहज पडतो. म्हणून प्रत्येक जोडाला सोल्युशन लावायचे, तेही मीठ-धूळ पुसून, कोरड्या दिवशी. लांब सरळ ओळीत मध्ये पाइपाला सरकायला जागा देणारा एक्स्पान्शन कपलर घालायचा. सॅडल दोन-दोन फुटांवर, पाइप धरून ठेवेल पण आवळणार नाही असे.

बाहेरच्या पाइपासाठी मीडियम नव्हे, हेवी घ्यावा. त्यावर आयएसआय चिन्ह आणि आयएस ९५३७ हा मानक क्रमांक पाहावा. जोडांसाठी आयएस ३४१९ आहे. त्याशिवाय ‘यूव्ही स्टॅबिलाइज्ड’ आहे का, हे वेगळे विचारावे लागते. स्लॅबमध्ये गाडण्यासाठी बनवलेल्या पाइपाने ऊन पाहावे अशी अपेक्षाच नसते. उघड्यावर तो पिवळा पडतो, मग ठिसूळ होतो आणि नारळाची झावळी पडली तरी तडकतो.

पाणी आत येणारच, असे धरून चाला

इंजिनीअरिंगच्या दृष्टीने हा सगळ्यात महत्त्वाचा भाग, आणि प्रत्यक्षात सगळ्यात जास्त दुर्लक्षित. कोणताही बंद बॉक्स श्वास घेतो. दुपारी आतली हवा तापून प्रसरण पावते, थोडी बाहेर जाते. संध्याकाळी पावसाची सर आली की बॉक्स झटकन गार होतो, आतला दाब कमी होतो आणि बाहेरची दमट हवा जोडाजोडांतून आत ओढली जाते. तिच्यातले बाष्प आतल्या बाजूला थेंबांच्या रूपाने जमते. दोन महिन्यांत घट्ट बंद बॉक्सच्या तळाशी चमचाभर पाणी साचलेले दिसते. ते कुठून आले, याचा कोणालाच पत्ता नसतो.

म्हणून पाइप आणि केबल बॉक्समध्ये नेहमी खालून घ्यावी, फार तर बाजूने. वरून कधीही नाही. वरून आलेला कंड्युट म्हणजे पाण्याचा नळच असतो. केबल बॉक्समध्ये शिरण्याआधी तिला खाली झोळ द्यावा. केबलवरून ओघळणारे पाणी त्या झोळाच्या तळाशी थेंबाथेंबाने गळून पडते, आत जात नाही. पाइपाच्या ओळीला किंचित उतार असावा आणि सर्वांत खालच्या बॉक्सच्या तळाला पाणी जायला छिद्र. चांगल्या बॉक्सवर उत्पादकाने त्यासाठी जागा आखून दिलेली असते, तिथेच ते उघडावे. त्याला बारीक जाळीचा ड्रेन प्लग लावला तर उत्तम. नाहीतर कुंभारीण माशी आठ दिवसांत मातीचे घर करून ते बुजवते आणि मुंग्या आत संसार थाटतात.

ग्लँडची गल्लत

बॉक्समध्ये केबल शिरते तिथे ग्लँड लागतो, हे आता बहुतेकांना माहीत आहे. पण ग्लँडमधला रबर एका गोल केबलभोवती आवळला जातो. त्यातून तीन सुट्या वायरी घातल्या तर तिघींच्या मध्ये त्रिकोणी फट राहते. तिथून पाणी, मीठ, पाल, सगळे जाते. बाहेर ग्लँड वापरायचा तर गोल आवरणाची केबल हवी, आणि तिचा बाहेरचा व्यास ग्लँडवर छापलेल्या मर्यादेत बसायला हवा.

दुसरी गल्लत आट्यांची. बाजारात मेट्रिक आणि पीजी अशा दोन पद्धतींचे ग्लँड शेजारी शेजारी ठेवलेले असतात. एम २० चा व्यास २० मिलिमीटर, पीजी १३.५ चा २०.४. डोळ्यांना सारखेच दिसतात. एकाच्या बॉक्समध्ये दुसरा दोन आटे फिरतो, अडकतो, आणि ‘बसला’ असे वाटते. वापरात नसलेली भोके बंद करायलाही त्याच मापाचे बूच घ्यावे. तिथे चिकटपट्टी चालत नाही.

धातू घ्यायचा तर कोणता?

अलिबागच्या चुंबकीय वेधशाळेची इमारत १९०४ मध्ये लोखंड टाळून बांधली गेली. तिथले कारण वेगळे होते. मुंबईत विजेच्या ट्राम येणार होत्या आणि त्यामुळे कुलाब्याच्या वेधशाळेतल्या चुंबकीय नोंदी बिघडणार होत्या. पण किनाऱ्यावरच्या घराने बाहेरच्या वायरिंगसाठी तोच नियम उचलला तर चांगलेच होईल. बॉक्स पॉलिकार्बोनेटचा, ग्लँड नायलॉनचा, सॅडल पीव्हीसीची. स्क्रू स्टेनलेसचे, आणि स्टेनलेसमध्येही ३१६ दर्जाचे. बाजारात सहज मिळते ते ३०४. खाऱ्या हवेत त्यावर बारीक खड्डे पडून तांबूस डाग येतात. ३१६ मध्ये दोन ते तीन टक्के मॉलिब्डेनम असते, त्यामुळे ते जास्त टिकते. चुंबक लावून या दोघांतला फरक कळत नाही, म्हणून बिलावर दर्जा लिहून घ्यावा. अॅल्युमिनियमच्या बॉक्सला पितळी ग्लँड लावू नये. दोन वेगळे धातू आणि मध्ये खारे पाणी ही जवळपास बॅटरीच होते, आणि त्यात अॅल्युमिनियम झिजते.

गाडी किंवा गुरांचा धक्का लागेल अशा जागी लोखंडी पाइपाचा आग्रह धरला जातो. तिथे तो फक्त बाहेरचे चिलखत म्हणून वापरावा. जुन्या घरांत लोखंडी कंड्युटच अर्थिंगचे काम करत असे. कपलर आतून गंजला की बाहेरून पाइप अखंड दिसतो, पण अर्थिंग मध्येच तुटलेली असते. पाइप कुठलाही असो, हिरवी अर्थ वायर त्याच्या आतून शेवटच्या दिव्यापर्यंत आणि पंपाच्या बॉडीपर्यंत वेगळी गेलीच पाहिजे. पीव्हीसी कंड्युटमध्ये तर दुसरा मार्गच नसतो.

जमिनीखालून नेताना काय वेगळे?

वाडीत, लॉनखालून जाणारा पाइप पावसाळ्यात पाण्याने भरणार, हे गृहीतच धरावे. नागाव-आक्षीच्या पट्ट्यात थोडे खणले की पाणी लागते. तिथे ‘पाइप आहे ना’ म्हणून घरातल्या सुट्या वायरी ओढणे ही सर्वांत महागात पडणारी बचत. जमिनीखालून आर्मर्ड केबल टाकावी आणि ती दुहेरी भिंतीच्या नालीदार पाइपातून न्यावी. केबलचे टोक दिव्याच्या किंवा डीबीच्या बॉक्समध्ये येते तिथे डबल कम्प्रेशन ग्लँड आणि त्यावर रबरी टोपी हवी. नाहीतर आर्मरच्या तारा तिथूनच गंजायला लागतात. पाइपाचा उतार घराकडून बाहेर असावा आणि घरात शिरणारे तोंड बंद केलेले असावे. हा उतार उलटा झाला, तर पाइपातले पाणी थेट डीबीत येते. मातीखाली जोड शक्यतो टाळावा. तो द्यावाच लागला तर साध्या टेपने नाही, राळ ओतून बंद करायच्या किटने द्यावा.

लॉनमधल्या दिव्यांसाठी मात्र याहून सोपा मार्ग आहे. २३० व्होल्ट तिथे नेऊच नये. ट्रान्सफॉर्मर किंवा ड्रायव्हर घराच्या आत ठेवून बागेत १२ किंवा २४ व्होल्टचे एलईडी लावले, तर पाणी शिरल्यावर दिवा बंद पडतो, पण लॉनवर अनवाणी खेळणाऱ्या मुलांना धोका राहत नाही. सुरुवातीचा खर्च थोडा जास्त होतो, पण होमस्टेवाल्यांनी तो करण्यासारखा आहे.

आरसीसीबी काढू नये म्हणून काय करता येईल?

लोक आरसीसीबी काढतात कारण तिच्यामुळे रात्री सगळे घर अंधारात जाते. फ्रिज बंद, पंखे बंद, पाहुणे नाराज. संपूर्ण घराला एकच आरसीसीबी असेल तर हे होणारच. बाहेरच्या सर्किटला ३० मिलिअँपिअरची स्वतंत्र आरसीसीबी दिली, तर पावसात फक्त बागेतले दिवे जातात, घर चालू राहते. तिची न्यूट्रलही वेगळी हवी. घरातल्या न्यूट्रलच्या जोडपट्टीला ती जोडली तर दोन्ही खटके पडत राहतील. पंपाला आणखी एक वेगळी दिली तर दोष शोधणे आणखी सोपे. या एका बदलाने ‘बायपास’चा मोहच संपतो.

आरसीसीबीवर ‘टी’ लिहिलेले बटण असते. ते महिन्यातून एकदा दाबावे, खटका लगेच पडला पाहिजे. नाही पडला तर ती बदलावी. मात्र हे बटण आरसीसीबीच तपासते, अर्थिंग तपासत नाही.

बाकीची तपासणी परवानाधारक विद्युत कंत्राटदाराकडून करून घ्यावी. त्याच्याकडे मेगर असतो. मेन बंद करून, उपकरणे काढून, ५०० व्होल्टला वायर आणि अर्थ यांच्यातला रोध मोजतात. किमान एक मेगाओम हवा. आकडा त्याच्या जवळपास असेल तर पावसाळ्यात तो खाली जाणार हे नक्की. ही चाचणी मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात एकदा आणि दुसऱ्यांदा भर जुलैत, पाऊस चालू असताना करावी. कोरड्या दिवसांतला आकडा सगळ्यांचाच चांगला येतो.

दिवाळीच्या आधी मेन बंद करून पागोळीखालचे बॉक्स, सॉकेट आणि ग्लँड गोड्या पाण्यात भिजवून घट्ट पिळलेल्या फडक्याने बाहेरून पुसून घ्यावेत, मग कोरड्या फडक्याने. एकदोन बॉक्सचे झाकण उघडून तळाशी पाणी, टर्मिनलवर हिरवी बुरशीसारखी पूड किंवा प्लास्टिकवर काळी रेघ दिसते का पाहावे. हिरवी पूड घासून काढता येते, टोक कापून नवे करता येते. काळी रेघ दिसली तर तो टर्मिनल ब्लॉक काढून नवाच बसवावा.